तीस वर्षं जपलेलं रेशीम

माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात खाली, जुन्या नऊवारीच्या घडीत गुंडाळलेला तांब्याचा एक गडू असायचा. काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला. यात्रेहून परत आल्यावर घरी मावंदं घातलं तेव्हा त्याची पूजा झाली होती म्हणे, पण तेव्हा मी जन्मले नव्हते. मला आठवतो तो ट्रंकेतला गडू. दिवाळीच्या आधी ट्रंक उपसली की आजी तो उचलून कानाशी हलवायची. आत पाणी डुचमळलं की पुन्हा घडीत ठेवून द्यायची. "हा माझ्या कामाचा आहे," एवढंच म्हणायची. ती गेली त्या पहाटे काकांनी स्क्रू-ड्रायव्हरनं झाळण उचकटलं आणि त्यातलं दोन चमचे पाणी तिच्या ओठांत सोडलं. तीस-बत्तीस वर्षं या बाईनं आपलं मरण घरात सांभाळून ठेवलं होतं, आणि आम्हा कुणालाच त्यात काही भयंकर वाटलं नव्हतं.

हा गडू मला इतक्या वर्षांनी आठवला तो एका अँग्लो-नॉर्मन सरदारामुळे. त्याचं नाव विल्यम मार्शल.

१२१९चा वसंत. थेम्सच्या काठी, रेडिंगजवळ कॅव्हरशॅमच्या वाड्यात सत्तरी ओलांडलेला एक लढवय्या अंथरुणाला खिळून आहे. लंडनला दुखणं वाढलं तेव्हा त्यानं सांगितलं, मरायचं तर घरी मरू दे. मग त्याला नावेत घालून नदीनं वर आणलं. आता तो आपल्या जुन्या विश्वासू माणसाला, जॉन ऑफ अर्लीला, जवळ बोलावतो आणि ठेवायला दिलेली रेशमी वस्त्रं आणायला पाठवतो. वस्त्रं येतात. ती पाहून एकजण म्हणतो, जराशी विटल्यासारखी दिसतात, की माझी नजरच मंदावलीय? मार्शल ती उलगडायला लावतो. रेशीम उत्तम आहे. तो सांगतो, तीस वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना मी ही आणली. तेव्हाच ठरवलं होतं की मला मूठमाती देताना माझ्यावर हीच घालायची. मग एक व्यवहारी सूचनाही देतो: पाऊस असला तर वरून जाडंभरडं कापड टाका, रेशीम चिखलानं खराब होता कामा नये.

इतकी वर्षं त्यानं बायकोलासुद्धा हे सांगितलं नव्हतं. मी वाचताना तिथेच थांबले. गडू कानाशी हलवणारी आजी डोळ्यांसमोर आली आणि हा माणूस एकदम आमच्या घरातला वाटायला लागला.

अँग्लो-नॉर्मन म्हणजे कोण, हे थोडं सांगते. १०६६मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूकनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतरची शे-दीडशे वर्षं तिथल्या सरदारांचा एक पाय खाडीच्या अलीकडे तर एक पलीकडे होता. जमिनी दोन्हीकडे, नातीगोती दोन्हीकडे, आणि घरात बोली फ्रेंच. मार्शलचं चरित्रही त्याच फ्रेंचमध्ये आहे. तो गेल्यावर थोरल्या मुलानं एका कवीकडून ते लिहून घेतलं. १९,२१४ ओळींचं यमकबद्ध काव्य! जॉन ऑफ अर्लीनं आठवणी पुरवल्या. मग हे काव्य जगाच्या विस्मरणात गेलं ते पार एकोणिसाव्या शतकापर्यंत. १८६१मध्ये लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर नावाच्या तरुण फ्रेंच अभ्यासकानं त्याचं हस्तलिखित ओझरतं पाहिलं. ते दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतलं. मेयर ते वीस वर्षं शोधत राहिला, आणि १८८१मध्ये एका संग्राहकाच्या ढिगाऱ्यातून त्यानं ते बाहेर काढलं. जगात त्याची तेवढी एकच प्रत आहे. म्हणजे मेयरनं नाद सोडला असता, तर आज मी ज्या माणसाबद्दल लिहितेय तो बहुतांशी पुसला गेला असता.

काव्य घरच्यांनी करवून घेतलेलं असल्यामुळे बाजू घरच्यांचीच आहे. हे मनात धरूनच वाचावं लागतं. पण काही जागा अशा आहेत की त्या कुणी रचलेल्या असतील असं मला वाटत नाही. त्यातली पहिली न्यूबरीची.

११५२ साल. इंग्लंडात गादीचा तंटा पेटला होता. एका बाजूला राजा स्टीफन, दुसऱ्या बाजूला त्याची मामेबहीण मटिल्डा. विल्यमचा बाप जॉन मटिल्डाच्या पक्षाचा. त्याच्या घराण्याकडे राजाच्या मार्शलचं पद होतं. मार्शल हा शब्द मुळात घोड्यांच्या चाकराचा. आपल्याकडे मोतद्दार म्हणतात तसा. पुढे त्या शब्दाला मान आला. हा जॉन कसा माणूस होता? अकरा वर्षांपूर्वी वेरवेलच्या मठात तो अडकला असताना शत्रूनं चर्चला आग लावली. छपराचं शिसं वितळून तोंडावर सांडलं, एक डोळा गेला, पण तो शरण आला नाही. असा बाप.

स्टीफननं न्यूबरीच्या गढीला वेढा घातला. जॉननं मुदत मागितली: मटिल्डाची परवानगी घेतो आणि गढी देतो. जामीन म्हणून चौथा मुलगा ओलीस ठेवला. विल्यम तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. मुदत मिळताच जॉननं गढीत माणसं आणि दाणागोटा भरून घेतला. राजानं निरोप पाठवला की पोराला फाशी देतो. बापानं उत्तर दिलं: खुशाल द्या, याहून सरस पोरं घडवायला ऐरण आणि घण अजून माझ्यापाशी आहेत.

पोराला फाशीच्या जागेकडे नेलं. वाटेत त्याला एका सरदाराच्या हातात छानसा भाला दिसला. तो म्हणाला, मला द्या ना. राजाला ते बघवलं नाही. त्यानं पोराला उचलून कडेवर घेतलं आणि छावणीत परत आणलं. मग कुणीतरी सुचवलं, गोफणयंत्रात घालून याला गढीवर भिरकावू. पोरानं त्या यंत्राची लोंबती झोळी पाहिली आणि विचारलं, हा कसला झोका?

पुढचं दृश्य राजाच्या तंबूतलं आहे. जमिनीवर ताजा पाला-फुलं अंथरलीत. विल्यम त्यातून प्लँटेनच्या काड्या वेचतो. हे आपल्या इसबगोलाच्या कुळातलं रानगवत, लांब दांड्याच्या टोकाला एक बोंड. त्यांना ती मुलं 'शिलेदार' म्हणायची: एकानं काडी धरायची, दुसऱ्यानं आपल्या काडीनं तिचं बोंड उडवायचं. तो राजाला म्हणतो, खेळायचं? आणि इंग्लंडचा राजा बसून त्याच्याशी खेळतो. राजाचं बोंड उडतं. पोराला केवढा आनंद! तेवढ्यात त्याला आईचा एक नोकर कनातीतून डोकावताना दिसतो. आईनं हेर म्हणून पाठवलेला. पोरगं आनंदानं मोठ्यानं हाक मारतं, घरी सगळे कसे आहेत? नोकर जीव मुठीत धरून पळतो.

हे कुणी सांगितलं असेल? स्टीफन दोन वर्षांत वारला. ११६५मध्ये बापही गेला. काव्य लिहिलं गेलं पाऊणशे वर्षांनी. झोका म्हणालो होतो, बोंड उडालं होतं, हे स्वतः विल्यमशिवाय कोण सांगणार? म्हणजे त्यानं ते जन्मभर लक्षात ठेवलं आणि शेकोटीपाशी बसून माणसांना, मुलांना सांगितलं. बापाच्या वाक्यासकट.

मी चार बहिणींतली चौथी. साधारण त्याच वयाची असताना माजघराच्या दाराआडून मी घरातल्या एका मोठ्या माणसाचं वाक्य ऐकलं होतं. "हिचं काय, आधीच्या तीन आहेतच की." हातात खेळातली बोळकी होती आणि त्यातल्या एकाचा कान मोडलेला होता, हे मला आजही दिसतं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल, हे आज कळतं. पण वाक्य तिथेच राहिलं. चाळिशी उलटल्यावर एकदा मुलीला सांगितलं, सहज, भाजी निवडताना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मात्र हलकं वाटलं. म्हणून विल्यमनं ती ऐरणीची गोष्ट घरात सांगितली असेल, तेव्हा तो कसा बोलला असेल, याचा मी फार विचार करते. मला वाटतं, हसत सांगितली असेल.

बापाच्या मिळकतीतून त्याला काहीच मिळालं नाही. तेराएक वर्षांचा असताना नॉर्मंडीत आईच्या नात्यातल्या एका बड्या सरदाराकडे, विल्यम द तांकारविलकडे, त्याला शिकायला पाठवलं होतं. तिथे पोरं त्याला खादाड म्हणून चिडवायची: हा खातो, पितो आणि झोपतो. ११६६च्या सुमाराला द्रँकूरच्या चकमकीआधी घाईघाईनं त्याच्या कमरेला तलवार बांधली आणि तो नाइट झाला. त्या दिवशी तो जिवावर उदार होऊन लढला. संध्याकाळी जेवताना एका अर्लनं त्याला म्हटलं, मार्शल, मला एक भेट दे, खोगिराची पाठपट्टी दे नाहीतर जुनं गळपट्टं. विल्यम भाबडेपणानं म्हणाला, माझ्यापाशी असलं कधी नव्हतंच. सगळे हसले. त्या दिवशी त्यानं कितीतरी शत्रू लोळवले होते, पण एकाचाही घोडा की सामान घेतलं नव्हतं. उलट त्याचाच घोडा मेला होता.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा फरक ज्याला माहीत आहे, त्याला या हसण्यातली धार लगेच कळेल. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. घोडा गेला की तो दुसऱ्याच्या दारचा. विल्यमनं नाइट होताना मिळालेला झगा विकून एक साधं तट्टू घेतलं. त्यानंतर घोडा कसा धरायचा आणि माणूस कसा धरायचा, हे तो पुन्हा कधी विसरला नाही.

कारण तेव्हाच्या टूर्नामेंटमध्ये पोट भरायचं ते यावरच. चित्रांत दिसते तशी, मधे कठडा घालून दोघांनी समोरासमोर धावायची ती टूर्नामेंट नव्हे. दोन गावांमधलं मैलोगणती रान, शेतं, द्राक्षमळे, आणि त्यात शेकडो स्वारांच्या दोन फौजा. मारायचं नाही, पकडायचं. समोरच्याच्या घोड्याचा लगाम धरून त्याला ओढत आपल्या बाजूला आणायचं. त्यानं शब्द दिला की घोडा आणि चिलखत आपलं, वर खंडणी. विल्यमनं रोजे द जुई नावाच्या साथीदाराबरोबर भागीदारी केली, आणि एका हंगामात, दहाएक महिन्यांत, दोघांनी १०३ नाइट पकडले. हा आकडा आपल्यापर्यंत पोचला तो विगेन नावाच्या मुदपाकखान्याच्या कारकुनामुळे. तो याद्या लिहून ठेवायचा. शौर्याचा हिशेब सैपाकघराच्या चोपडीत सापडतो, हे मला फार खरं वाटतं.

शांपेनमधल्या प्लर गावची टूर्नामेंट संपल्यावर एका उमरावघरच्या बाईनं दिवसाच्या सर्वोत्तम योद्ध्यासाठी बक्षीस पाठवलं. बक्षीस काय, तर नदीतला मोठा पाइक मासा! एक सरदार म्हणे हा त्याला द्या, तो म्हणे हा याला. असं फिरत फिरत सगळ्यांचं मत विल्यमवर स्थिरावलं. पण विल्यम कुठे दिसेना. शेवटी शोधत शोधत माणसं लोहाराच्या भट्टीवर पोचली. विल्यम गुडघे टेकून बसला होता आणि त्याचं डोकं ऐरणीवर होतं. घावांनी शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की ते डोक्यातून निघत नव्हतं. लोहार हातोड्या, पकडी आणि चिमटे घेऊन ते फोडायच्या मागे लागला होता.

ही गोष्ट काव्यात गंमत म्हणून येते. माझ्या अंगावर मात्र काटा आला. बाप म्हणाला होता, ऐरण माझ्यापाशी आहे. पंचवीस वर्षांनी त्याचं नाकारलेलं पोर खरोखरच्या ऐरणीवर मान ठेवून बसलंय, आणि बाहेर माणसं मासा घेऊन उभी आहेत. कवीनं हा मेळ मुद्दाम घातला की नाही कोण जाणे, तो त्यावर एक अक्षर बोलत नाही.

टूर्नामेंटच्या दिवसांआधीचीही एक आठवण सांगायलाच हवी. ११६८मध्ये विल्यम त्याच्या मामाबरोबर, सॉल्सबरीच्या अर्ल पॅट्रिकबरोबर, फ्रान्समधल्या प्वातूमध्ये होता. तिथे लुझिन्याँ घराण्याच्या माणसांनी त्यांना गाठलं. मामाला त्याच्या डोळ्यांदेखत पाठीत भाला खुपसून मारलं. विल्यम एका कुंपणाला पाठ लावून अनेकांशी लढला. शेवटी कुणीतरी मागून त्याच्या मांडीत भाला खुपसला. जखमी अवस्थेत त्याला फरफटत नेलं. जखम बांधायला कुणी चिंधी देईना. एका मुक्कामावर एका बाईला दया आली. तिनं एक पाव पोखरला, आत स्वच्छ लिननच्या पट्ट्या भरल्या आणि तो त्याच्याकडे पाठवला. या बाईचं नाव कुठेच नाही. पण आठशे वर्षं टिकलेल्या त्या हस्तलिखितात तिचा पाव आहे. पुढे दुसऱ्या हेन्री राजाच्या राणीनं, एलिनॉरनं, खंडणी भरून त्याला सोडवलं, आणि ११७०पासून तो तिच्या मुलाचा, राजपुत्र हेन्रीचा, शस्त्रगुरू झाला.

हा हेन्री नावाचाच राजा. बापाच्या हयातीत त्याला मुकुट घातला होता, हाती सत्ता मात्र काही नव्हती. ११८३च्या जूनमध्ये बापाविरुद्धच्या बंडात असताना मार्तेल गावी तो हगवणीनं मेला, अठ्ठावीस वर्षांचा. त्यानं जेरुसलेमला जायचा पण केला होता. मरताना त्यानं आपला क्रूस लावलेला झगा विल्यमच्या हाती दिला: तू माझ्या वतीनं जा. विल्यम गेला. दोन-अडीच वर्षं तिकडे होता, पण त्या काळाबद्दल काव्य जवळजवळ गप्प आहे. आपल्याला कळतं ते एवढंच की तिथे त्यानं टेम्पलर या लढवय्या संन्याशांच्या पंथाला शब्द दिला, मरताना तुमचा होईन. आणि रेशीम घेतलं.

परतल्यावर तो म्हाताऱ्या राजाच्या, दुसऱ्या हेन्रीच्या पदरी राहिला. ११८९च्या जूनमध्ये ल माँ शहर पेटलेलं असताना हा राजा आजारी अवस्थेत पळत होता, आणि पाठलागावर होता त्याचाच मुलगा रिचर्ड. रिचर्ड घाईत चिलखत न घालता धावला होता. विल्यम वळला आणि भाला रोखून त्याच्यावर गेला. रिचर्ड ओरडला, मार्शल, मला मारू नकोस, मी निःशस्त्र आहे. "मी नाही मारणार, तुला सैतान मारो," असं म्हणून विल्यमनं भाल्याचं टोक खाली केलं आणि रिचर्डचा घोडा मारला. महिन्याभरात म्हातारा हेन्री शिनाँला वारला. नोकरांनी अंगावरचे कपडेसुद्धा लुटले. उघड्या राजावर झगा घालायची वेळ आली. रिचर्ड गादीवर आला, आणि त्यानं विल्यमला क्षमा तर केलीच, वर कबूल झालेली वधूही दिली: इझाबेल द क्लेअर. आयर्लंडमधल्या लेन्स्टरची आणि वेल्सच्या सीमेवरच्या मोठ्या जहागिरीची वारस. तिची आई आइफा ही आयरिश राजकन्या. इझाबेल सतरा-अठराची, हा त्रेचाळीसच्या आसपास. तोवर त्याच्यापाशी म्हणण्यासारखी जमीन नव्हती, आणि एका लग्नानं तो राज्यातल्या सगळ्यात बड्या सरदारांत जाऊन बसला. त्यांना दहा मुलं झाली, पाच मुलगे आणि पाच मुली.

इथवर मी त्याच्या प्रेमात होते. पुढचं पान अवघड आहे.

रिचर्डनंतर राजा म्हणून जॉन आला. संशयी, लहरी. १२०४मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या फिलिपनं घेतली, आणि मार्शलनं तिथली आपली जमीन राखायला फिलिपलाही मुजरा केला. जॉन खवळला. त्यानं मार्शलचा थोरला मुलगा ओलीस मागितला. मार्शलनं दिला. पुढे मार्शल आयर्लंडला जायला निघाला तेव्हा जॉननं दुसरा मुलगा, रिचर्ड, मागितला. इझाबेलला ते मान्य नव्हतं. मार्शलनं तोही दिला. पाच वर्षांचा असताना ज्याला झोक्यासारखी गोफण दाखवली होती, त्यानं आपली दोन मुलं ओलीस दिली.

याचं समर्थन करता येतं, हे मला माहीत आहे. त्याचा बाप शब्द मोडायच्या तयारीनं मुलगा देऊन बसला होता. यानं शब्द पाळायचा म्हणून दिले, आणि म्हणूनच ते जिवंत परत आले. जॉननं पुष्कळ छळलं. १२०८च्या जानेवारीत गिल्डफर्डहून बरोबर घोड्यावरून जाताना त्यानं याला बिनधास्त खोटं सांगितलं की आयर्लंडमध्ये तुझ्या बायकोला वेढा पडलाय आणि जॉन ऑफ अर्ली मारला गेला. समुद्र खवळलेला, खरी बातमी यायला वाट नाही. तिकडे इझाबेल गरोदर. मार्शल शांतपणे म्हणाला, चांगली माणसं होती, वाईट झालं. आणि तरी तो उलटला नाही. हे सगळं मी वाचलं आणि मानलं. पण त्या दुसऱ्या मुलाला इझाबेलनं कसं तयार केलं असेल, कपडे काय दिले असतील, हे डोक्यातून जात नाही. निष्ठेचं मोल काही वेळा निष्ठावंताच्या घरातली माणसं चुकवतात.

आयर्लंडचीही बाजू आहे. तिथे त्यानं न्यू रॉस हे बंदर वसवलं, किलकेनी वाढवलं, वादळातून वाचल्यावर नवस फेडायला टिंटर्नचा मठ बांधला. पण ती जमीन जिंकून घेतलेली, आणि तिथल्या लोकांची. फर्न्सच्या आयरिश बिशपनं तक्रार केली की मार्शलनं माझ्या चर्चची दोन गावं बळकावली. मार्शलनं ती परत केली नाहीत. पुढे मुलांनीही दिली नाहीत, तेव्हा बिशपनं शाप दिला असं तेराव्या शतकातला एक इतिहासकार सांगतो. शापाचं मला माहीत नाही. घडलं ते असं: पाचही मुलगे एकामागून एक गेले, कुणालाही औरस वारस झाला नाही. चौदा वर्षांत, १२३१ ते १२४५, पुरुषांची ओळ संपली. त्यातला गिल्बर्ट टूर्नामेंटमध्येच मेला. बापानं जिथे नाव कमावलं त्याच खेळात, घोड्यावरून पडून.

१२१६च्या ऑक्टोबरमध्ये जॉन मेला तेव्हा निम्मं राज्य बंडखोर उमरावांकडे होतं, लंडनमध्ये फ्रेंच युवराज लुई बसलेला, आणि वारस नऊ वर्षांचा. ग्लॉस्टरला त्या पोराला मुकुट घातला. तिजोरी रिकामी. सगळे म्हाताऱ्या मार्शलच्या तोंडाकडे बघू लागले. त्यानं एक रात्र मागितली. आपल्या माणसांपाशी तो रडला: मी म्हातारा, हा समुद्र, याला तळ नाही. जॉन ऑफ अर्ली म्हणाला, सगळे सोडून गेले तरी पोराला घेऊन तुम्ही आयर्लंडला जाल, त्यातही मानच आहे. तेव्हा म्हातारा उसळला: सगळ्यांनी सोडलं तर मी याला खांद्यावर घेईन, बेटाबेटांतून, देशोदेशी फिरेन, भीक मागावी लागली तरी याला टाकणार नाही.

खांद्यावर. पाच वर्षांच्या विल्यमला स्टीफननं कडेवर घेतलं होतं. ज्याच्याविरुद्ध बाप लढत होता, त्या राजानं.

मग त्यानं जे केलं ते लढाईहून मोठं असं मला वाटतं. उमरावांनी १२१५मध्ये जॉनकडून मॅग्ना कार्टा हा राजाच्या सत्तेला लगाम घालणारा करार लिहून घेतला होता, जॉननं तो दोन-अडीच महिन्यांत मोडीत काढला होता. मार्शलनं १२१६च्या नोव्हेंबरात तोच करार, काही कलमं गाळून, राजाच्या नावानं पुन्हा जाहीर केला. छोट्या राजाची मुद्रा अजून तयार नव्हती म्हणून त्यावर मार्शलची आणि पोपच्या वकिलाची मुद्रा आहे. शत्रूची मागणीच त्यानं आपल्या हातात घेतली. तसं झालं नसतं तर तो करार जॉनबरोबर गेला असता.

लढाई झालीच. २० मे १२१७, लिंकन. सत्तरीचा मार्शल इतक्या उतावीळपणे पुढे घुसला की शिरस्त्राण घालायचं राहिलं, पोऱ्यानं आठवण केली तेव्हा घेतलं. शत्रूचा सेनापती, पेर्शचा तरुण काउंट, त्याच्या आईकडून नात्यातला. डोळ्याच्या फटीतून भाल्याचं टोक घुसून तो मेला, आणि मरण्याआधी त्यानं मार्शलच्या शिरस्त्राणावर तीन घाव घातले. विजय निर्भेळ होता. त्यानंतर मार्शलच्या फौजेनं लिंकन शहर लुटलं. जीव वाचवायला मुलाबाळांसह छोट्या होड्यांत चढलेल्या बायका नदीत बुडाल्या. सैनिकांनी त्या लुटीला 'लिंकनची जत्रा' असं नाव ठेवलं. त्या बायकांची नावं कुठल्याच काव्यात नाहीत.

सप्टेंबरात तह झाला, लुईला १०,००० मार्क देऊन परत पाठवलं. दीड वर्षानं कॅव्हरशॅम.

गेल्या वर्षी मुलीकडे लंडनला गेले होते तेव्हा टेम्पल चर्चला, त्या टेम्पलर पंथाच्या जुन्या चर्चला, जाऊन आले. फ्लीट स्ट्रीटच्या वर्दळीतून एक बोळ आत जातो आणि एकदम शांत होतं. चर्चचा गोल भाग ११८५चा. जमिनीवर दगडी योद्धे निजलेले आहेत, त्यातला एक मार्शलचा मानतात. कडीचं चिलखत, डाव्या हाताला ढाल. १० मे १९४१च्या रात्री बाँब पडले, छत जळून या मूर्तींवर कोसळलं. चेहरा झिजून, पोळून गेलाय. मी खाली वाकून बराच वेळ पाहिलं. छपराची आग, वितळलेलं शिसं, आणि बापाचा डोळा आठवला. एक शाळकरी मुलगा शेजारी उभा राहून आईला विचारत होता, हा झोपलाय का?

कॅव्हरशॅमला शेवटच्या दिवसांत टेम्पलरांचा प्रमुख आला. वर्षभर आधी गुपचूप शिवून ठेवलेला पंथाचा पांढरा झगा मार्शलनं आणवला. पंथात गेल्यावर स्त्रीला जवळ घेता येत नाही. तो इझाबेलला म्हणाला, लाडके, आता मला मुका दे, पुन्हा कधी जमणार नाही. दोघंही रडली. एका कारकुनानं सुचवलं की कोठीतले भारी झगे, फरची अस्तरं विकून पैसे आत्म्याच्या शांतीसाठी द्यावेत. मार्शल रागावला. पेंटेकॉस्टचा सण आलाय, माझ्या माणसांना नवे कपडे मिळायला हवेत, ही शेवटची वेळ आहे. कुणीतरी म्हणालं, टूर्नामेंटमध्ये घेतलेलं सगळं परत केल्याशिवाय स्वर्ग नाही. तो म्हणाला, मी पाचशे नाइट पकडले, ते आता परत करू शकत नाही. धर्मगुरू आमची फार जवळून हजामत करतात.

त्याच दिवसांतलं एक. त्याला गावंसं वाटू लागलं. गेली कित्येक वर्षं वाटलं नव्हतं इतकं. जॉन ऑफ अर्ली म्हणाला, गा की. तो म्हणाला, नको, लोक म्हणतील याला वेड लागलं. मग कुणीतरी म्हणालं, मुलींना बोलवा. मुली आल्या. थोरली माटिल्डा गायली, गळ्यात हुंदका असताना. मग धाकट्या जोनला सांगितलं. ती लाजली, खाली मान घालून कसंबसं एक कडवं म्हणाली. मार्शल म्हणाला, गाताना लाजू नकोस, बाळ, लाजलीस तर शब्द नीट लागणार नाहीत. आणि ती ओळ कशी म्हणायची ते त्यानं तिला म्हणून दाखवलं.